पुढच्या ब्रेकची धास्ती

आमच्या सोसायटीच्या आवारात दर मे महिन्यात दोन-चार नव्या सायकली येतात आणि त्यांच्या मागोमाग एक जुनं वाक्य येतं. सीट धरून मागे पळणारे बाबा असोत, मामा असोत की आजोबा, वाक्य ठरलेलं : “पुढचा ब्रेक दाबायचा नाही हं, तोंडावर आपटशील!” यंदा एका आजोबांनी तर नुसत्या वाक्यावर भागवलं नाही. नातवाच्या नव्याकोऱ्या सायकलीच्या पुढच्या ब्रेकची तारच काढून टाकली. “आता काळजी नाही,” म्हणाले. मी म्हटलं, “काका, काळजी आता सुरू झाली.” त्यांना ते काही आवडलं नाही.

हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतो आहे. शिकलेली माणसं बोलतात, इंजिनिअर बोलतात, सायकल दुरुस्त करणारेही बोलतात. म्हणून एकदा नीट बोलू.

गैरसमज : मागचा ब्रेक सुरक्षित, पुढचा धोक्याचा.

वस्तुस्थिती : सायकल थांबवतो तो प्रामुख्याने पुढचा ब्रेक. मागचा त्याचा मदतनीस.

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही हे समजायला हरकत नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळे पुढे जातात. सायकलवरही तेच होतं. वेग उतरू लागला की भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. ब्रेक जितका जोरात, तितकं मागचं चाक हलकं आणि चाक हलकं झालं की त्याची रस्त्यावरची पकडही गेली. म्हणजे मागचा ब्रेक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. आणखी जोरात दाबला तर चाक फिरायचं थांबतं, सायकल मात्र घसरत पुढे जातच राहते. पोरांना जमिनीवर उमटणारी ती काळी रेघ फार आवडते. ती रेघ म्हणजे ब्रेक नीट न लागल्याची पावती आहे.

आकडे हवेत? घ्या. साध्या सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचा आणि सायकलीचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर उंच आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून साधारण ६० सेंटिमीटर मागे असतो. या मापांनी गणित मांडलं की कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या ब्रेकची कमाल ताकद गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास येते. त्यापलीकडे मागचं चाक उचलायला लागतं. एकट्या मागच्या ब्रेकची ताकद येते पाव. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ या पुस्तकात याच धर्तीचं गणित आहे. शंका असेल त्याने तिथे पडताळून पाहावं. रस्त्याच्या भाषेत सांगायचं तर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ब्रेक लागल्यापासून पुढच्या ब्रेकने सुमारे पाच मीटरमध्ये थांबते, एकट्या मागच्या ब्रेकने सुमारे दहा. मधल्या पाच मीटरमध्ये अचानक वळलेली अख्खी रिक्षा मावते.

पुस्तकांवर विश्वास नसेल तर खाली पार्किंगमध्ये जा. कितीतरी मोटरसायकलींना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे साधा ड्रम दिसेल. छोट्या मोटारींचंही बहुधा तसंच. चांगला ब्रेक पुढे बसवणारे कारखानदार वेडे नाहीत. २०१९ पासून आपल्याकडच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना तर दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची किंवा एबीएसची सोय सक्तीची आहे. स्कूटरवर तुम्ही मागचा ब्रेक दाबता तेव्हा पुढचाही थोडा लागत असतो. म्हणजे “मी पुढचा ब्रेक कधी वापरतच नाही” असं सांगणारे काका रोज मंडईत जाता-येता तो वापरत असतात.

“अहो, पण आमचा चुलतभाऊ पडला होता ना!” प्रत्येक घरात असा एक चुलतभाऊ असतो. तो पडला हे मी नाकारत नाही. का पडला, ते बघू. चाकांच्या बांधणीवरच्या पुस्तकामुळे सायकलजगतात नावाजलेले अमेरिकन अभियंता जोब्स्ट ब्रँट यांचं म्हणणं असं, की बहुतेक वेळा दोष ब्रेकच्या ताकदीपेक्षा सैल हातांचा असतो. सायकल थांबते, पण हातांनी स्वतःला रोखून न धरलेला माणूस सीटवरून पुढे सरकतो आणि त्याच्या मांड्या हँडलवर आदळतात. सीटवरचा भार गेलेली सायकल मग सहज उलटते. शेल्डन ब्राउन या अमेरिकेतल्या विख्यात सायकल मेकॅनिकनेही हे म्हणणं उचलून धरलं आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्याच ब्रेकवर भर द्यायला आयुष्यभर सांगितलं.

आता आपल्या चुलतभावाची गोष्ट आठवा. त्याला लहानपणापासून पुढचा ब्रेक दाबायचा नाही असं सांगितलेलं. त्यामुळे तो ब्रेक कधी हाताच्या सवयीचा झालाच नाही. मग एक दिवस कुत्रं आडवं आलं, घाबरून त्याने ब्रेकचे दोन्ही दांडे मुठीत आवळले, हात सैल, आणि गडी तोंडावर. घरच्यांनी निष्कर्ष काढला : बघा, सांगत होतो! अरे, सांगत होतात म्हणूनच पडला.

समजूत आली कुठून याचा माझा एक अंदाज आहे. आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणायचो. दांड्याखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शिकायचो. अंग एका बाजूला लोंबकळलेलं आणि चालू स्थितीतला ब्रेक बहुधा एकच. त्या अवस्थेत पुढचा ब्रेक जपूनच लावलेला बरा होता. पण ती सायकल गेली, आपण मोठे झालो, सल्ला तेवढा तिथेच राहिला.

तेव्हा भीती घालण्याऐवजी सराव करा. रविवारी सकाळी रिकामं, कोरडं, सपाट मैदान किंवा आवार गाठा. आधी सायकल हातात धरून चालवत कोणता दांडा कोणत्या चाकाचा ते बघा. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. आपल्याकडे दोन्ही तऱ्हा दिसतात. मग सरळ रेषेत, पळणाऱ्या माणसाच्या वेगाने या. कंबर मागे न्या, हात रोखून धरा पण कोपर ताठ करू नका, आणि पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा हळूहळू पिळत जा. दाबायचा नाही, पिळायचा. मागचाही सोबत हलका लावा. मागचं चाक घसरू किंवा हलकं वाटू लागलं की समजा कमाल मर्यादा जवळ आली. पुढचा किंचित सोडा. खडूने रेघ मारा आणि दर वेळी तिच्या अलीकडे थांबायचा प्रयत्न करा. दहा-पंधरा वेळा केलंत की हाताला जे कळतं, ते कुणाच्या सांगण्याने कळत नाही.

पुढच्या ब्रेकला जपायचे प्रसंगही आहेत, ते लपवत नाही. वाळू, खडी, शेवाळ, ओले पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि पहिल्या पावसात तेलकट झालेला रस्ता. वळणातही तेच. अशा जागी पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात नाही. पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना हे ज्याच्या अंगवळणी पडलं, तो घाट सुखाने उतरतो.

आता बाकीच्या समजुती भराभर.

“सायकल एकदा आली की आली.” तोल येतो आणि विसरत नाही, हे खरं. पण सरळ रेषा न सोडता खांद्यावरून मागे बघणं, एका हाताने इशारा देणं, खड्डा ऐनवेळी चुकवणं ही कौशल्यं वेगळी आहेत आणि ती सरावानेच येतात.

“उजवीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे.” वेगात असताना आपण नकळत हँडल क्षणभर डावीकडे ढकलतो, म्हणून सायकल उजवीकडे झुकते आणि वळते. विमानाआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइट यांच्या हे लक्षात आलं होतं; बहुतेक सायकलवाल्यांच्या आजही येत नाही.

“सीटवर बसून दोन्ही पाय टेकले पाहिजेत.” मग गुडघे दुखणारच. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर घ्या.

“हवा दगडासारखी टाइट हवी.” टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही. आपल्या रस्त्यांवर जास्त हवेचा टायर उड्या मारतो, आणि उडालेलं चाक ना वळतं ना थांबतं.

“जड गिअर मारला की पाय तयार होतात.” गुडघ्यांवर ताण येतो. हलका गिअर, भरभर पायडल.

“चेन तेलात न्हायली पाहिजे.” तेल सांध्यांच्या आत हवं. बाहेरचं फडक्याने पुसा, नाहीतर धूळ चिकटून तयार होतो तो सँडपेपर. आणि खोबरेल डोक्यालाच ठेवा.

“डब्ल्यूडी-४० मारलं की झालं.” नावातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच पाणी हटवणारं. गंज सोडवायला उत्तम, पण चेनचं तेल म्हणून टिकत नाही.

“चेन ताणली गेली.” पोलाद ताणलं जात नाही, आतल्या पिना झिजतात. १२ इंची पोलादी पट्टी लावा. एका पिनेवर शून्य धरलं की २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ वर यायला हवी. सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. आळस केलात तर मागचे दातेही बदलावे लागतील.

आता पुन्हा त्या ब्रेककडे. भीतीने न वापरलेला ब्रेक तसाच राहत नाही. तार आवरणात गंजते, रबर कडक होतं, दांडा दाबला तर परत येत नाही. त्या आजोबांनी निदान उघडपणे तार काढली. बाकीच्यांची न काढता गेलेली असते. गेल्या रविवारी आमच्या स्टँडवरच्या सायकलींचे पुढचे दांडे एकेक करून दाबून पाहिले, तर कितीतरी अडकलेले निघाले. आज खाली उतरलात की आपला दाबून बघा. वडापाव-चहाच्या पैशांत नवी तार येते. आजोबांच्या नातवासाठी एक मी आणून ठेवली आहे.