खांद्याची उलटापालट

डावा हात उजव्या खांद्यावर ठेव. आता उजवा हात बाजूनं वर उचल बघू! हाताखाली काहीतरी टणक झालं ना? तो डेल्टॉइड, खांदा बाहेरून झाकणारा मोठा त्रिकोणी स्नायू. हात उचलायचं सगळं श्रेय तोच लाटतो. पण त्याच्या आत दडलेले चार छोटे स्नायू नसतील, तर या पहिलवानाचं काही चालत नाही.

कसं ते सांगते. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते खवाट्याच्या हाडावरच्या वाटीत फिरतं. वाटी नावालाच! इतकी उथळ, की गोळ्याचा बराचसा भाग बाहेरच राहतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. एखाद्या फिरकी गोलंदाजाला विचार. मग गोळा घसरत कसा नाही? ते चार स्नायू त्याला पुढून, वरून, मागून धरतात आणि वाटीत दाबून ठेवतात. डॉक्टर त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात.

उतारवयात कधीकधी या स्नायूंच्या कंडरा झिजतात, फाटतात. फारच फाटल्या, की डेल्टॉइडनं कितीही जोर लावला तरी हात वर जात नाही, नुसता गोळाच वर सरकतो. डेल्टॉइड धडधाकट, आणि तरी आजीला केस विंचरता येत नाहीत!

साधा कृत्रिम सांधा इथं उपयोगाचा नाही. धातूचा गोळाही तसाच घसरणार, कारण धरणारं कोणी उरलेलंच नाही. मग अदलाबदल केली तर? वाटीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी वाटी! १९७० च्या दशकात काही डॉक्टरांनी हेही करून पाहिलं. पण त्यांचा गोळा हाडापासून बराच पुढे आलेला असे. हात हलला की हिसके बसत आणि सांधा हाडातून सैल होई.

फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या पॉल ग्रामाँ या डॉक्टरांनी १९८५ मध्ये आपला उलटा सांधा बनवला. सुधारत सुधारत १९९१ मध्ये त्यांनी गोळा चक्क अर्धाच ठेवला, सपाट बाजू हाडाला टेकवून. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदूच शरीराकडे आत सरकला. आता उठून दार बिजागरीजवळ ढकलून बघ, मग कडीजवळ ढकल. कडीजवळ किती सोपं! ग्रामाँनी ढकलणारा तिथंच ठेवला आणि बिजागरी लांब नेली. शिवाय डेल्टॉइड वर ओढतो तेव्हा दंडावरची प्लॅस्टिकची वाटी गोळ्यावर आणखी घट्ट बसते. घसरायला वाटच नाही, म्हणून हात वर! जी ओढ खोडी काढत होती, तिलाच कामाला लावलं. मला तर ही युक्ती जाम आवडते.

मात्र हात आत-बाहेर वळवणं एकट्या डेल्टॉइडला नीटसं जमत नाही. ऑपरेशन आणि भरपूर व्यायामानंतर आजी फळीवरचा डबा काढेल, केसही विंचरेल. पण पाठ खाजवायची वेळ आली, की बहुतेक तुलाच हाक येईल.