कुंपणच शेत खाते तेव्हा

श्रोतेहो, आम्ही वैद्य नाही. शाळाही अर्धवटच राहिली. कामगारांच्या तक्रारी सोडविताना जे वाचावे लागले, त्यातून आजचा विषय हाती आला.

एका कारखान्यातील तरुण फिटर दुपारनंतर गळून जाई. कधी पाय जड पडत, कधी एका डोळ्याला अंधुक दिसे. काही आठवड्यांनी पुन्हा बरे वाटे. कामचुकार ठरवून त्याला नोटीस दिली गेली. आम्हीही प्रथम त्याच्यावरच संशय घेतला. पुढे निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस.

विजेच्या तारेवर रबर असते, तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी त्या वेष्टणावर तुटून पडतात, आणि मेंदूचा निरोप वाटेत अडतो. कुंपणच शेत खाते, ते असे.

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. पण झटके कमी करणारे इंटरफेरॉन बीटा अमेरिकेत मंजूर झाले ते १९९३ साली. १९९६ साली तेथेच मंजूर झालेल्या ग्लॅटिरामरची कथा तर नवलाचीच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सेला, आर्नोन व टायटेलबाउम यांनी मायलिनमधील प्रथिनासारखे द्रव्य तयार केले, ते प्रयोगाच्या प्राण्यांत रोग उत्पन्न व्हावा म्हणून. त्याने उलट रोगच आवरला!

पुढची औषधे अधिक जोरकस. नॅटलिझुमॅब लढाऊ पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. ऑक्रेलिझुमॅब काही विशिष्ट पेशीच कमी करते. पण कुंपण फार छाटले तर गुरे शिरतात. नॅटलिझुमॅब घेणाऱ्या काहींच्या मेंदूला गंभीर विषाणुरोग जडला. म्हणून ते २००५ साली मागे घेतले गेले व २००६ साली कडक देखरेखीच्या अटीवर परत आले.

ही औषधे नवे घाव थोपवितात. जुनी हानी भरून काढीत नाहीत. म्हणून लवकर निदान हेच सर्वांत मोलाचे. आमच्या फिटरचे महिने खुलाशांत गेले.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा रोग नावानिशी आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, असे त्याचे २० वे कलम सांगते. खाजगी कारखान्याला ते बांधील धरीत नाही. तेथे संघटनेलाच उभे राहावे लागते. आमचे मागणे साधे आहे : नोटिशीआधी त्या माणसाच्या हाती डॉक्टरकडे जाण्याची चिठ्ठी द्या.