गिनीपिगची सोबत (लेखांक ६) : भावाभावांचं भांडण

पिंजऱ्याच्या मापांचा हिशेब आज मांडायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर गेला. मादी-मादीच्या जोडीबद्दलचा लेखांक वाचून ठाण्याहून एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने ही जागा अडवली. त्यांच्या घरी एकाच वेताचे दोन भाऊ आहेत. तीन महिने एकमेकांना चिकटून झोपले. आता रात्र झाली की पाठलाग सुरू होतो, दात वाजतात, एक दुसऱ्याच्या अंगावर चढतो. दुकानदाराने सल्ला दिला, ‘दोन नर कधी जमत नाहीत. एक मादी न्या, शांत होतील.’ न्यावी का?

मुळीच नाही.

मादी आली की आतापर्यंतच्या कुरबुरीला भांडणाचं खरं कारण मिळतं. सव्वादोन-अडीच महिन्यांत पिल्लं होतात आणि व्यायलेली मादी काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. आणलेली मादी सात-आठ महिन्यांहून मोठी असून आधी कधी व्यायलेली नसेल, तर धोका आणखी वाढतो. तोवर तिच्या ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा घट्ट झालेला असतो, तो पुरेसा उघडत नाही आणि बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

‘दोन नर कधी जमत नाहीत’ हे दुकानदाराचं वाक्य मात्र तपासून पाहण्यासारखं आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या सामाजिक आयुष्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. काही नर त्यांनी नर, माद्या, थोर-लहान अशा भरल्या कळपात वाढवले. काही एकटे वाढवले, तर काही फक्त एका मादीसोबत. मोठे झाल्यावर त्यांची अनोळखी नरांशी गाठ घालून दिली. कळपातले नर थोडं हुंगून, थोडं डोलून आपापली पायरी ठरवून मोकळे झाले. एकटे किंवा एका मादीसोबत वाढलेले नर थेट हल्ल्यावर उतरले आणि हरणाऱ्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक भलतंच चढलं.

जात एक, वय एक. फरक पडला तो तारुण्यात शिरताना कोण भेटलं याचा. कळपातला तरुण नर वयात येऊ लागला की माद्यांभोवती घुटमळतो, तेव्हा तिथला थोराड नर त्याला हुसकावून लावतो. असं पुन्हा पुन्हा झालं की माघार कधी घ्यायची आणि कुठवर ताणायचं हे पोराला कळतं. आखाड्यात वस्ताद नसेल तर दोन नवशिके पैलवान एकमेकांचे हातपाय मोडून घेतात, तसंच हे. ठाण्याच्या दोन भावांचं नेमकं हेच झालं आहे. दोघं एकदमच वयात आले आणि शिकवणारं कोणी नाही.

म्हणूनच अनुभवी पाळणारे दोन समवयस्क भावांपेक्षा एक शांत प्रौढ नर आणि एक पिल्लू ही जोडी अधिक पसंत करतात. पिल्लू मुकाट्याने दुय्यम जागा घेतं. पुढे तेही वयात येतं आणि कुरबूर होतेच, पण तोवर दोघांमधली पायरी ठरलेली असते.

ठाण्याच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही : रक्त आलं का? सगळा निर्णय तिथे अडतो. घशातून घुरघुरत कंबर डोलवणं, अंगावर चढणं, हुंगत पाठीमागे फिरणं, तोंड वर करून नाक उंचावणं, ही मान कोणाचा ते ठरवण्याची रीत आहे. हे पाहून घाबरून दोघांना वेगळं केलं तर काहीच ठरत नाही आणि पुन्हा एकत्र आणलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. दात सतत कटकटत असतील, मानेवरचे केस उभे असतील आणि दोघं समोरासमोर ताठ उभे असतील, तर मात्र जवळ थांबावं. एकमेकांत गुंतून गुरफटले किंवा जखम झाली, तर लगेच वेगळं करावं. हात घालू नये. जाडसा टॉवेल टाकावा. त्या क्षणी ते चावतात आणि खोलवर चावतात.

कुरबुरीवर बराच इलाज पिंजऱ्यातच असतो. एकच दार असलेलं घरटं काढून टाकावं, कारण आत कोंडीत सापडलेल्याला पळायला वाट राहत नाही. दोन तोंडांची घरटी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि गवताचे दोन-तीन ढीग एकमेकांपासून लांब ठेवावेत. जवळपास माद्या असतील तर त्यांचा पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवावा. खच्चीकरणाने नरांमधली चुरस थांबेलच असं नाही. त्याचा खरा उपयोग नराला माद्यांसोबत ठेवायचा असतो तेव्हा, आणि तेव्हाही शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे थांबावं लागतं.

वेगळं करावं लागलंच, तर नवी ओळख तटस्थ जागी करून द्यावी. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून मधोमध गवताचा मोठा ढीग ठेवावा. गुळगुळीत फरशी टाळावी, त्यावर पाय घसरतात आणि घाबरलेला जीव आणखी घाबरतो. तास-दोन तास समोर बसून पाहावं. शेजारी शेजारी चरू लागले, तर नीट धुतलेल्या, सामानाची जागा बदललेल्या पिंजऱ्यात दोघांना एकदमच सोडावं.

तरीही जमलं नाही, तर मधोमध जाळी लावून दोघांना शेजारी ठेवता येतं. एकमेकांना पाहता येतं, वास घेता येतो, आवाज ऐकू येतो. निदान एकटेपणा येत नाही. फक्त जाळी लावली की एका पिंजऱ्याचे दोन होतात आणि प्रत्येकाला जागा पुरेशी उरते का, हा प्रश्न पुढे येतो. म्हणजे पुन्हा मापांपाशी आलो. पुढच्या आठवड्यात आधी तोच हिशेब. वाचकांनी तोवर आपल्या पिंजऱ्याची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवावी. उंची नको, या प्राण्याला तिचा फारसा उपयोग नसतो.