कॅथोड तापलेलाच हवा

सूक्ष्मलहरींची वारंवारिता वाढवायची तर त्यांना बळ देणारी निर्वात नळी लहान करावी लागते. १० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ सेंटिमीटर असते. ३०० गिगाहर्ट्झला ती १ मिलिमीटरवर येते. ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांची शलाका ज्या बोगद्यातून धावताना लहरीला आपली ऊर्जा देते, तो बोगदाही साधारण त्याच प्रमाणात अरुंद होतो. रुंदी तीसपट घटली की छेदाचे क्षेत्रफळ नऊशेपट घटते, आणि प्रवाह तेवढाच हवा असेल तर शलाका नऊशेपट दाट लागते. म्हणूनच अशा नळीची खरी मर्यादा इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या कॅथोडवर ठरते, असे मला वाटते. आजचा भरवशाचा कॅथोड म्हणजे सच्छिद्र टंगस्टनची चकती. छिद्रांत बेरियमची संयुगे भरलेली. शुद्ध टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. चकती हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की बेरियम पृष्ठभागावर झिरपतो, ऑक्सिजनसह त्याचा अणूभर जाडीचा थर बसतो आणि ही गरज २ च्या आसपास उतरते. पण तोच बेरियम सतत उडूनही जातो. तापमान वाढवले तर इलेक्ट्रॉन जास्त मिळतात, आयुष्य मात्र झपाट्याने घटते. कॅथोड मोठा ठेवून शलाका पुढे आवळता येते. पण तापलेल्या पृष्ठभागावरून निघताना इलेक्ट्रॉनांना मिळालेला आडवा वेग त्या आवळण्यालाही सीमा घालतो.

मग तापवायचेच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. चार्ल्स स्पिंट यांनी १९६८ मध्ये सूक्ष्म टोकांचा थंड कॅथोड मांडला. टोकापाशी विद्युत्क्षेत्र इतके तीव्र होते की उष्णतेशिवाय इलेक्ट्रॉन सुटतात. कार्बन नॅनोट्यूबनी ही आशा आणखी वाढवली. मात्र निर्वातात उरलेल्या वायूचे आयन टोकांवर आदळून ती झिजवतात, आणि टोके दाटीने लावली की ती एकमेकांचे क्षेत्र झाकतात. दुसरा आक्षेप अर्धवाहकांचा. गॅलियम नायट्राइडने अनेक रडारांतून नळ्या हटवल्या हे खरे. पण १०० गिगाहर्ट्झच्या पुढे ट्रान्झिस्टरही आक्रसतो आणि त्याची उष्णता त्याच इवल्या जागेत कोंडते. नळीत इलेक्ट्रॉन निर्वातातून जातात, उरलेली ऊर्जा वेगळ्या संग्राहकात पोचते आणि तिचा काही भाग परत मिळवता येतो. उपग्रहांवरच्या नळ्या ६० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठतात त्या यामुळेच. टिकाऊपणाची शंका असेल, तर १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांकडे पाहावे. त्यांचे संदेश आजही अशाच नळ्यांतून येतात. तापणाऱ्या कॅथोडातही सुधारणेला वाव आहे: स्कँडियम मिसळलेले कॅथोड कमी तापमानाला कितीतरी जास्त प्रवाह देतात, हे प्रयोगशाळांत दिसले आहे. अडते ते प्रत्येक चकतीत, आणि चकतीच्या सगळ्या पृष्ठभागावर, तोच गुण उतरवताना. पैसा आणि माणसे आधी तिथे लागायला हवीत.