ग्यांत्से : किल्ला, स्तूप आणि लोकरीचा रस्ता

आजच्या भागात आपण जाणार आहोत तिबेटमधल्या एका छोट्या शहरात. तिबेट म्हटलं की आपल्याला ल्हासा आठवतं, पोताला राजवाडा आठवतो, फार तर कैलास-मानसरोवर. ग्यांत्से हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. पण भारताच्या टपाल खात्याचं कार्यालय, भारताचा व्यापारी प्रतिनिधी आणि त्याच्या रक्षणासाठी भारतीय सैनिकांची तुकडी, हे सगळं एके काळी या गावात होतं. ते तिथे कसं पोहोचलं आणि का संपलं, हे समजून घ्यायचं तर आधी नकाशा उघडावा लागेल.

दिल्लीच्याच अक्षांशावर

नकाशावर दिल्लीपासून सरळ पूर्वेकडे बोट न्या. नेपाळ ओलांडून पुढे गेलात की हिमालयाच्या पलीकडे, जवळजवळ त्याच अक्षांशावर ग्यांत्से आहे. दिल्लीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर, तर ग्यांत्सेची जवळपास ४,००० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या साधारण साठ टक्के असतो. पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-भात नीट शिजत नाही. तिथल्या माणसाचं मुख्य अन्न 'त्साम्पा' का, याचं उत्तर यातच आहे. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. आपल्याकडे सातूचं पीठ कालवतात तसं ते लोणी घातलेल्या चहात कालवून खायचं. एकदा भाजलं की पुन्हा शिजवायची गरज नाही.

मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावर पाऊस टाकून मोकळे होतात, म्हणून पलीकडे पाऊस कमीच. तरीही ग्यांत्सेचं खोरं तिबेटच्या मानाने सुपीक आहे, ते न्यांग चू नदीमुळे. 'चू' म्हणजे पाणी किंवा नदी. बर्फाचं पाणी घेऊन येणारी ही नदी खोऱ्यात गाळ पसरवते, त्यावर जव आणि मोहरी पिकते. पुढे सुमारे ९० किलोमीटरवर शिगात्से शहराजवळ ती यारलुंग त्सांगपोला मिळते. तीच त्सांगपो अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्र. म्हणजे आपली गुवाहाटीची मंडळी घाटावर उभी राहून जे पाणी पाहतात, त्यात ग्यांत्सेचं पाणीही असतं.

तीन रस्त्यांचा नाका

सपाट खोऱ्याच्या मधोमध एक खडक एकदम वर उठतो. त्यावर किल्ला आहे. तिबेटी भाषेत अशा किल्ल्याला 'झोंग' म्हणतात. 'ग्यांत्से' हे नावही एका लांब नावाचं आखूड रूप, अर्थ साधारण 'राजगडाचं शिखर'. गडाखाली गाव, ही रचना आपल्याला काही नवी नाही.

किल्ला इथेच का? कारण इथे रस्ते मिळतात. पूर्वेला कारो ला ही सुमारे ५,००० मीटर उंचीची खिंड ओलांडून, यामद्रोक सरोवराच्या काठाने ल्हासाला जाता येतं. वायव्येला नदीच्या कडेने शिगात्से. आणि दक्षिणेला चुंबी खोऱ्यातून नथू ला किंवा जेलेप ला ओलांडून सिक्कीम आणि कालिम्पाँग. ज्याच्या हातात हा नाका, त्याच्या हातात व्यापार. तिबेटची लोकर खेचरांच्या पाठीवरून याच वाटेने कालिम्पाँगला उतरायची आणि तिकडून कापड, भांडी, साखर वर चढायची.

चौदाव्या-पंधराव्या शतकात ग्यांत्सेचे राजे या नाक्याच्या जोरावर श्रीमंत झाले. त्यांतला राबतेन कुनझांग फाग हा सर्वांत नावाजलेला. त्याच्या काळात, १४१८ मध्ये, पेलखोर चोदे हा मठ उभा राहू लागला. त्याचं वैशिष्ट्य असं, की साक्य, शालू आणि गेलुग अशा वेगवेगळ्या परंपरांची विद्यालयं एकाच तटबंदीत नांदत होती. १४२७ मध्ये त्याच आवारात 'कुम्बुम' या स्तूपाचं काम सुरू झालं. कुम्बुम म्हणजे 'एक लाख मूर्ती'. आपल्या सांचीसारखा हा भरीव स्तूप नाही. हा पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो, आणि प्रत्येक मजल्यावर छोटी देवळं आहेत. यात्रेकरू प्रदक्षिणा घालत, एकेक दालन पाहत वर चढतो. भिंतींवरच्या चित्रांत नेपाळच्या नेवार कलेची छाप स्पष्ट दिसते.

जपमाळेने मोजलेली वाट

एकोणिसाव्या शतकात तिबेटने परक्यांना दारं बंद केली. तेव्हा इंग्रजांनी हिमालयातल्या भारतीयांना वेषांतर करून पाठवलं. कुमाऊंचे नैनसिंह रावत १८६५ च्या अखेरीस शिगात्से आणि ग्यांत्सेमार्गे ल्हासाकडे गेले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. त्या पावलांतून नकाशा तयार झाला. चाळीस वर्षांनी सैन्य आलं तेव्हा हा मुलूख इंग्रजांना अगदीच अनोळखी राहिला नव्हता.

१९०४ : आपण कुठल्या बाजूला होतो?

रशिया तिबेटात हातपाय पसरतो आहे, या संशयातून व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने फ्रान्सिस यंगहजबंडला पाठवलं. डिसेंबर १९०३ मध्ये फौजेने जेलेप ला ओलांडली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू गावाजवळ तिबेटी सैन्य आडवं आलं. त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका आणि तलवारी, समोर मॅक्सिम तोफा. काही मिनिटांत शेकडो तिबेटी मारले गेले. पाठ फिरवून चालत निघालेल्यांवरही गोळ्या चालल्या.

एप्रिलमध्ये फौज ग्यांत्सेला पोहोचली. आधी किल्ला न लढता हाती आला, पण इंग्रजांनी तळ खाली नदीकाठी ठेवला. मे महिन्यात तिबेट्यांनी किल्ल्यात पुन्हा ठाण मांडलं आणि तळावर छापा घातला. त्याच सुमारास कारो लाच्या खिंडीत ५,००० मीटरहून अधिक उंचीवर लढाई झाली. अखेर ६ जुलै १९०४ रोजी तोफांनी भिंतीला भगदाड पाडून किल्ला घेतला गेला. ग्यांत्से पडल्यावर ल्हासाचा रस्ता मोकळा झाला.

आता थोडं थांबून विचार करू. हे सैन्य कोणाचं होतं? अधिकारी इंग्रज, पण शिपाई शीख पायोनियर आणि गुरखे. भगदाडात सर्वांत पुढे दोघे होते : लेफ्टनंट जॉन ग्रँट आणि हवालदार करबीर पुन. दोघेही एकदा खाली कोसळले, दोघेही पुन्हा चढले, दोघेही आत शिरले. ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. करबीर पुनला मिळाला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, कारण व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा हिंदी शिपायांना खुलाच नव्हता. तो १९११ मध्ये खुला झाला. शौर्य तेच, पदकं दोन. आणि ज्यांच्यावर ते शौर्य गाजवलं, त्या तिबेटी माणसाशी या शिपायांचं काहीच वैर नव्हतं. हा इतिहास सांगताना 'इंग्रजांनी हल्ला केला' एवढं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

कार्यालय, शाळा आणि पूर

ल्हासाच्या तहाने यातुंग, ग्यांत्से आणि गरतोक इथे व्यापारी पेठा उघडल्या. ग्यांत्सेत प्रतिनिधी, सैनिक, टपाल, तार सगळं आलं. १९२२ मध्ये तारेची लाइन इथून ल्हासापर्यंत गेली. १९२३ मध्ये फ्रँक लुडलो यांनी तिबेटी मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली. सनातनी मंडळींचा विरोध इतका, की १९२६ मध्ये ती बंद पडली. बाहेरच्या जगाशी बोलू शकणारी एक पिढी घडवण्याची संधी तिबेटने तिथे गमावली, असं मला वाटतं.

१९४७ नंतर ही सगळी व्यवस्था स्वतंत्र भारताकडे आली. २९ एप्रिल १९५४ च्या करारात, ज्याला आपण पंचशील म्हणून ओळखतो, भारताने सैनिक मागे घेण्याचं आणि टपाल, तार, विश्रामगृहं चीनच्या हवाली करण्याचं मान्य केलं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये डोंगरातलं एक हिमनदीचं सरोवर फुटलं. न्यांग चूला अचानक आलेल्या लोंढ्यात ग्यांत्सेचं भारतीय कार्यालय वाहून गेलं, माणसंही गेली. १९६२ मध्ये कराराची मुदत संपली, युद्ध झालं, नथू ला बंद झाली. कालिम्पाँगची लोकरीची गोदामं ओस पडली.

आजचं ग्यांत्से

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात किल्ल्याचं आणि मठाचं मोठं नुकसान झालं. कुम्बुम मात्र बऱ्याच अंशी वाचला. पुढे किल्ल्याची दुरुस्ती झाली आणि तिथे १९०४ च्या लढाईचं प्रदर्शन मांडलं गेलं. त्यात ही लढाई चिनी मातृभूमीच्या रक्षणाची म्हणून दाखवतात. वस्तुस्थिती अशी, की लढणारे तिबेटी होते, हुकूम ल्हासाचा होता, आणि ल्हासातला चिनी अंबान त्या लढाईत उतरलाच नव्हता. जो मारला गेला त्याची गोष्टही दुसराच सांगतो, हे ग्यांत्सेचं खरं दुःख.

२०१४ मध्ये ल्हासा-शिगात्से रेल्वे सुरू झाली, ती ग्यांत्सेला बाजूला ठेवून. सीमा बंद झाल्यावर नाक्याचं महत्त्व आधीच गेलं होतं. २००६ मध्ये नथू ला मर्यादित व्यापारासाठी उघडली, पण खेचरांचे ते तांडे परत आले नाहीत. म्हणूनच गाव छोटं राहिलं आणि कदाचित म्हणूनच जुनी गल्ली, जवाची शेतं आणि गडाखालचा मठ अजून एका नजरेत मावतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गंगटोकला गेलात आणि नथू लाच्या फाटकाशी फोटो काढलात, तर पलीकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे जरा निरखून बघा. तो रस्ता ग्यांत्सेला जातो. आपली माणसं त्याच वाटेने कधी माळ मोजत गेली, कधी लोकर आणायला गेली आणि कधी बंदूक घेऊन गेली. तिन्ही आठवणी आपल्याच आहेत.