कोबेच्या मोतीबाजारातील मुलांची शाळा

जपानमधील कोबे शहर रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसले आहे. उत्तरेकडून येणाऱ्या मंद, एकसारख्या उजेडात मोत्याचे पाणी नीट पारखता येते, म्हणून मोतीव्यवसाय येथे स्थिरावला, असे सांगितले जाते. १९२३च्या कांतो भूकंपानंतर अनेक भारतीय व्यापारी योकोहामा सोडून कोबेस आले. मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९८५ साली कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी देरासर उभे राहिले. मुलांच्या शिक्षणाची सोय मात्र त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्यांनीच करून ठेवली होती.

कॅनडियन अकॅडमी ही शाळा १९१३ मध्ये कॅनडाच्या मेथॉडिस्ट मिशनऱ्यांनी स्वतःच्या मुलांसाठी काढली. युद्धकाळात ती बंद पडली, पुढे पुन्हा सुरू झाली आणि हळूहळू कोबेतील सर्व परदेशी व्यापाऱ्यांच्या मुलांची झाली. १९९० मध्ये ती समुद्रात भर घालून तयार केलेल्या रोक्को बेटावर गेली. शहरातून तेथे चालकाविना धावणारी रोक्को लायनर जाते. पाचच वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंपाने कोबे हादरले. ६,४३४ माणसे गेली, आणि ती लायनरही कित्येक महिने बंद राहिली. परक्या देशातील व्यापाऱ्याला अशा वेळी गाशा गुंडाळणे सोपे असते. तरीही मोतीबाजार उठला नाही, देरासर राहिले, शाळाही राहिली. २०१३ मध्ये शाळेने शंभरी पूर्ण केली.

या शाळेत बालवर्गापासून बारावीपर्यंत इंग्रजीतून शिक्षण मिळते आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पदविकेच्या बळावर जगभरातील विद्यापीठांची दारे उघडतात. जे मिळत नाही तेही स्पष्ट आहे. शालेय वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि बहुधा त्याच सुमारास पर्युषण येते. नव्या वर्गात, नव्या मित्रांत, पहिल्याच आठवड्यांत उपवास वा एकासन करायचे, म्हणजे रोज कोणाला ना कोणाला कारण सांगणे आले. हिवाळ्यात कोबेचा सूर्य पाचच्या आधीच मावळतो. खेळाच्या सरावाला थांबणाऱ्या मुलाला चउविहार पाळायचा असेल, तर दुसरा डबा बरोबर द्यावा लागतो. जपानी सुपात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, वरून मात्र ते निव्वळ भाजीचे वाटते. बौद्ध मठांतील शोजिन भोजनात मांस, मासे, कांदा, लसूण काहीच नसते. पण मुळा आणि इतर कंदमुळे असतात, त्यामुळे तेही आपल्या ताटात जसेच्या तसे बसत नाही. पाकिटावरील जपानी अक्षरे वाचून आत काय आहे ते सांगणे, हे काम अशा घरांत आईवडिलांपेक्षा मुलांनाच अधिक जमते. घरची भाषा आणि नवकार हे तर घराने आणि देरासरानेच शिकवायचे; शाळेकडून ती अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. ही शाळा मुलांना प्रश्न विचारायला शिकवते. जीवशास्त्राच्या तासाला शिंपल्याची रचना शिकलेल्या मुलाला, वडिलांच्या पेढीवरील अकोया मोती काढताना शिंपल्यातील जीव बहुधा वाचत नाही, हे कळल्यावाचून राहत नाही. पाठशाळेत एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे भेद पाठ केलेले असतात. शिंपला त्यांत द्वींद्रिय. मग तो रात्री जेवणाच्या वेळी विचारतो. आपण मोती पिकवत नाही, फक्त खरेदी-विक्री करतो, हे उत्तर आजोबांच्या पिढीला पुरेसे होते. पण करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आपल्याच धर्माने शिकवला आहे, हे त्या मुलालाही ठाऊक असते. बारावीनंतर तो लंडनला किंवा अमेरिकेला शिकायला जाईल. पेढी सांभाळायला परत येईल की नाही, हे केवळ भावावर वा मागणीवर ठरणार नाही. त्या रात्री त्याला काय उत्तर मिळाले, यावरही ते बरेचसे अवलंबून असेल.