हाउन्स्लोची तलवार: माल इंग्लंडचा, हात जर्मन

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागूनच हाउन्स्लो नावाचा भाग आहे. सतराव्या शतकात तिथं मोठं माळरान होतं आणि तलवारींचा कारखाना होता. इथली ओळखीची तलवार म्हणजे ‘हँगर’. कपड्यांचा नव्हे! ही कमरेला लटकवायची आखूड, एकधारी, बहुधा किंचित वाकडी तलवार. पातं साधारण दोन फुटांचं. शिकारीत चालायची, लढाईतही चालायची.

1629 च्या सुमारास राजा पहिला चार्ल्स याच्या आश्रयानं हा कारखाना सुरू झाला. पण उत्तम पाती घडवणारे हात होते जर्मनीतल्या झोलिंगेन गावात. तिथल्या कारागिरांना आपली विद्या बाहेर न नेण्याची शपथ घ्यावी लागे. ती मोडून काही जण आले, म्हणजे गावाला जवळपास मुकलेच. त्यातला पीटर मुन्स्टेन पुढं चक्क ‘पीटर इंग्लिश’ झाला, तर योहानेस किंटचा झाला जॉन केनेट.

त्यांची खरी विद्या होती पोलादाला पाणी देण्याची. लालबुंद पातं एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. घाव बसला की दोन तुकडे. म्हणून ते पुन्हा बेताच्या आचेवर तापवायचं. कडकपणा थोडा उतरतो, पातं वाकून परत सरळ होऊ लागतं. हा ‘बेत’ भट्टीसमोर वर्षं घालवूनच कळायचा. मग पाणचक्कीवर फिरणाऱ्या दगडांवर घासून धार काढायची.

पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान मात्र विसरा. ताकद टिकवून वजन कमी करणं, एवढंच तिचं काम. काही हँगरच्या पाठीला करवतीसारखे दातही असत. मुठीला अनेकदा हरणाचं शिंग, आणि गिऱ्हाईक श्रीमंत असेल तर लोखंडावर चांदीची नक्षी.

उसनं कसब आपलंसं करण्याची ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. युरोपातून आलेलं पातं आणि मूठ इथली, ती ‘फिरंग’ मराठे वापरतच होते.

1642 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. हाउन्स्लो पार्लमेंटच्या ताब्यात गेलं आणि काही कारागीर राजामागोमाग ऑक्सफर्डला निघून गेले. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या काही पात्यांवर गावाचं नाव कोरलंय हाउन्स्लो, आणि शेजारी कारागिराचं नाव जर्मन.